दोनशे अकरा पुस्तकांचे मालक

आमचे उत्तमसिंग राठोड गुरुजी म्हणजे बोरी अरबजवळच्या तांड्यातले सर्वांत मोठे ग्रंथसंग्राहक. त्यांच्याकडे दोनशे अकरा पुस्तकं होती आणि घरात एकही नव्हतं. सगळी टॅब्लेटमध्ये. निवृत्तीनंतर त्यांनी ती 'पुस्तकपेटी' नावाच्या ऑनलाइन दुकानातून जमवली होती. कुणी घरी आलं की चहाच्या आधी टॅब्लेट पुढे यायचा आणि गुरुजी बोटाने एकेक मुखपृष्ठ सरकवायचे. मी त्यांच्याच शाळेत पंचवीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे स्पष्ट विचारायची मुभा होती. एकदा विचारलं, "यातली वाचली किती?"

"अकरा," ते म्हणाले. "बाकीच्यायले काय घाई हाय? कुठं पळून राह्यली ते?"

त्या घरात वाचणारी व्यक्ती दुसरीच होती. त्यांची बायको, जमनीबाई. गुरुजींनी हजारभर पोरांना बाराखडी शिकवली, पण बायकोला शिकवायला त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत सवड मिळाली नाही. शेवटी सुनेने, अंजूने, ते काम केलं. छापील अक्षर बाईंना दिसायचं नाही. टॅब्लेटवर ते चिंचोक्याएवढं करता यायचं. मात्र अक्षर एवढं मोठं केलं की चारशे पानांची कादंबरी साडेतीन हजार पानांची होते. बाईंनी नेमकी तसलीच जाडजूड कादंबरी धरली होती आणि शेतातून आल्यावर ओळीखाली बोट ठेवून रोज आठ पानं वाचायच्या. वर्ष होत आलं होतं. कादंबरीतल्या रुक्माचा मुलगा रागाने घर सोडून गेला होता आणि ती त्याची वाट पाहत होती. मी गेलो की बाई दारातच बातमी द्यायच्या, "भाऊजी, अजून नाही आला वो तिचा पोट्टा."

आणि सप्टेंबरात 'पुस्तकपेटी'ची नोटीस आली. दुकान तीस नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता कायमचं बंद. त्यानंतर उतरवून घेतलेली पुस्तकंही उघडणार नाहीत. खाली बारीक अक्षरात खुलासा होता: ग्राहकांनी पुस्तकं विकत घेतलेली नसून, ती वाचण्याची परवानगी घेतलेली आहे.

गुरुजींचा पारा चढला. मी म्हटलं, "अडीच महिने आहेत, वाचायला बसा." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वाचाले सारी उमर पडली हाय. आधी पुस्तकं वाचवा लागतीन."

मग मोहीम सुरू झाली. टॅब्लेटवरच पानाचा फोटो घ्यायला गेले तर पडदा काळा व्हायचा. दारव्ह्याला जाऊन त्यांनी चक्क टॅब्लेटच झेरॉक्सच्या काचेवर पालथा ठेवला. कोळशासारखी काळी पानं निघाली. ती त्यांनी क्रमांक टाकून फायलीत लावली. दुकानाला अकरा पत्रं लिहिली, तीही रजिस्टर पोस्टाने. दिलेल्या पत्त्यावर दुकानच नव्हतं, म्हणून सगळी परत आली. तीही फायलीत गेली. दरम्यान जमनीबाई रोजची आठ पानं सोडून बारा वाचू लागल्या. त्यांची कादंबरी छापील कुठेच निघालेली नव्हती, हे अंजूने त्यांना शोधून सांगितलं होतं.

शेवटी दुकानावर दावा लावायचं ठरलं, तर यवतमाळच्या वकिलाने भेटीसाठी नेमकी तीस तारीख दिली. सकाळी गुरुजींनी फाइल बगलेत मारली आणि टॅब्लेट पिशवीत घातला. बाई हात पुसत बाहेर आल्या.

"याले काहून नेता? माही बाराच पानं राह्यली."

"ओरिजिनल दाखवा लागते," गुरुजी म्हणाले. "पाचच्या आत येतो. मंग वाच आरामात."

ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक अर्जासोबत मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स नेल्या, त्याला दुसरं काय सुचणार? मी सोबत होतो. मलाही सुचलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

वकिलाने दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवलं. टॅब्लेटला हातही लावला नाही. म्हणाला, "हे कशाला आणलं? पावत्यांचे फोटो फोनवर पाठवले असते तरी चाललं असतं." मग बस वेळेवर आली नाही. आली तेव्हा पाच वाजून गेले होते.

पावणेसहाला गुरुजींनी बसमध्ये टॅब्लेट उघडला. आम्ही दोघं डोकं लावून दोनशे अकरा मुखपृष्ठं पाहत बसलो. ते एकेक पुस्तक कधी घेतलं ते सांगत होते, मी हं हं करत होतो. सहा वाजले आणि पडदा पांढरा झाला. गुरुजींचे डोळे भरून आले. मलाही खरंच वाईट वाटलं. त्या पंधरा मिनिटांत बाईंची कादंबरी उघडायचं आम्हा दोघा निवृत्त शिक्षकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तांड्यावर पोचलो तेव्हा जमनीबाई चष्मा लावून ओसरीवर बसल्या होत्या. गुरुजींनी टॅब्लेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी पांढऱ्या पडद्यावर दोनतीनदा बोट फिरवलं आणि तो खाली ठेवला.

"बरं, मंग तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "पुस्तक तर तुमचंच होय. आला का तिचा पोट्टा?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. छत्तीस वर्षांत वर्गातल्या कुठल्याही प्रश्नाला ते असे अडले नसतील.

"मले नाही माहीत," ते शेवटी पुटपुटले. "म्या ते वाचलं नाही."

"अन् भाऊजी, तुमाले?"

"नाही हो, बाई."

"म्हणजे कोणालेच माहीत नाही?"

आम्ही दोघांनी मान हलवली.

"मंग आला," जमनीबाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून आमची ताटं वाढायला आत गेल्या.