चौथं कडवं

आमची बकुळाताई निवृत्त झाली तेव्हा कंपनीनं तिला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल तिनं शेजारणीला देऊन टाकली, नारळाची चटणी केली, घड्याळ अजून खोक्यातच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती बदलापूरच्या सोनिवलीहून निघून थेट उल्हासनगरला, कॅम्प चारला माझ्या घरी आली. चहा नको म्हणाली. शिडी लावून माळ्यावर चढली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन खाली उतरली. सदतीस वर्षं ती तिथं पडून होती. तारा गंजल्या होत्या, आत झुरळांचा संसार होता.

"राजू, तुझा हात चालतो ना अजून?"

"बेंजो पार्टीत ड्रम वाजवतो की. लग्नसराईत फुरसत नसते."

"मग बँड सुरू करतोय आपण. हरिचंद्रला आता सोडायचा नाही."

मी म्हटलं, ताई, तुझं वय साठ, माझं पंचावन्न, आणि ती गोष्ट इतकी जुनी. तिनं ओढणीनं गिटार पुसता पुसता उत्तर दिलं, "नोकरी होती म्हणून थांबले. सूड अर्धवेळ घेता येत नाही."

हरिचंद्र कोण ते आधी सांगून टाकतो, कारण त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापतं आणि पुढचं नीट सांगता येत नाही.

छ्याऐंशी साली ताई बावीसची होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लछमनदास नावाच्या सिंधी काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुबईहून त्यांचा भाऊ इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी पाठवायचा. त्या ऐकून ताईला रॉकचं वेड लागलं. काकांनीच एका साध्या गिटारला तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवून दिला आणि दुकानातलाच एक जुना रेडिओ अँप्लिफायर म्हणून दिला. 'कॅम्प फोर' नावाचा बँड निघाला. शब्द ताईचे, चाल ताईची, गिटार ताईची. गायला मात्र हरिचंद्र, कारण त्याचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे नुसताच मोठा.

आमच्या घरात गाणं काही नवं नव्हतं. आमचे वडील शंकरराव, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, अंबरनाथला कारखान्यात हेल्पर होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतं गायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. लिहिता-वाचता येत नव्हतं, पगारावर अंगठा उठवायचे. पण गाणी स्वतः रचायचे आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचे. सगळेच गायक-कवी घालायचे, आजही घालतात. आप्पा म्हणायचे, "ज्याला सही येत नाही त्यानं सही करायची कुठं? गाण्यातच ना?"

ताईला हे जुनाट वाटायचं. "आप्पा, रॉकमध्ये असं नाव नसतात घालत."

"आन् कुणी पळवलं तर?"

"गाणं कोण पळवतंय!"

शिकलेल्या पोरीनं अंगठेबहाद्दर बापाचं ऐकलं नाही. एवढी एकच चूक तिनं आयुष्यात केली. दुसरी चूक मी केली, आणि तिला चूक म्हणणं म्हणजे स्वतःवर मेहेरबानीच आहे.

ताई तेव्हा एक गाणं लिहीत होती. कारखान्याच्या भोंग्यावर. पहाटे भोंगा वाजतो, बाप उठतो, आई उठते, सगळी चाळ उठते, आणि एक मुलगी भोंग्याला विचारते, की तू हाक नेमकी कुणाला मारतोस? तीन कडवी झाली होती. चौथ्यात उत्तर यायचं होतं, ते सुचत नव्हतं. चाल तिनं बँडला ऐकवली, शब्द दिले नाहीत. गाणं पुरं झाल्याशिवाय ती कुणाच्या हातात कागद देत नसे. हरिचंद्रनं ती चाल ऐकली आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तो तेव्हा बँड सोडून स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढायच्या बेतात होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "राज्या, शब्द उतरवून आण. ड्रमवर तूच."

मी सतरा वर्षांचा होतो. एका रविवारी ताई आईला घेऊन बाहेर गेली होती, आप्पा खाटेवर झोपले होते. मी तिच्या वहीतून तिन्ही कडवी उतरवली आणि नेऊन दिली.

पुढल्या वर्षी कॅसेट आली. चौथं कडवं हरिचंद्रनं स्वतः जोडलं होतं, "हरिचंद्र सांगे जनांना, जागे व्हा रे जागे व्हा". प्रश्न भोंग्याला विचारलाय आणि हा भलतंच काहीतरी सांगतोय. पण कॅसेट अशी चालली की विचारू नका. ड्रमवर मला तीन महिने ठेवलं, मग मेव्हण्याला बसवलं. ताईनं दोघा-तिघांना सांगून पाहिलं की गाणं माझं आहे. लोक म्हणाले, मग तुझं नाव कुठंय त्यात? त्या दिवशी गिटार माळ्यावर गेली.

चौऱ्याण्णव साली, जयंतीच्या दिवशी, आप्पा आजारी होते. शेजारच्या गंगूमावशी बघायला आल्या होत्या. खिडकीबाहेरच्या लाऊडस्पीकरवर तेच गाणं लागलं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बकुळे, गाणं तुझं, मग नाव त्याचं कसं?" ताई काही बोलली नाही. मीही नाही. महिन्याभरात आप्पा गेले. तो प्रश्न तसाच घरात राहिला.

ताईनं लग्न केलं नाही. बदलापूरला औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासायचं काम तिनं सदतीस वर्षं केलं. हजारात एक फुटकी गोळी असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. माझं शिक्षण तिनं केलं, माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच नाचली. वही कुणी उघडली हे तिला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

तर बँड उभा राहिला. सोनिवलीला तिच्याच बिल्डिंगमधला सुयोग बास गिटार वाजवायला आला. बँकेत नोकरी, चाळिशीला टेकलेला, घरी बायको वाजवू देत नव्हती. प्रॅक्टिस सोसायटीच्या हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात ताईच्या बोटांना फोड आले. ते फुटले, पुन्हा आले, मग कातडं जाड झालं. संधिवाताचं मलम लावून ती वाजवायची. सोसायटीच्या चेअरमननं तक्रार केली, की मावशी, या वयात भजन वगैरे बघा. ताईनं त्याच्यावरही गाणं लिहिलं आणि त्याच्याच समोर म्हटलं. चांगलं झालं होतं.

दीड वर्षात तिनं अकरा गाणी लिहिली. सगळी रागाची. मी एकदा म्हटलं, ताई, एखादं प्रेमाचं लिही की. ती म्हणाली, "हे प्रेमाचंच चाललंय. आप्पांच्या."

मग बातमी आली, की या जयंतीला कॅम्प चारच्या मैदानावर हरिचंद्रचा सत्कार आहे, चाळीस वर्षांच्या गीतसेवेबद्दल. ताई मंडळाच्या पोरांकडे गेली आणि सत्काराच्या आधी एक गाणं म्हणू द्या म्हणाली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. साठीच्या पुढची बाई, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार! "मावशी, एकदम व्हायरल जाएगा," त्यातला एक म्हणाला. ते तिची मजा बघणार होते. मला संताप आला. ताई म्हणाली, "हसू दे. हसायला का होईना, सगळे समोर बसतील."

संध्याकाळी सात वाजता आम्ही स्टेजवर गेलो. पांढरी साडी, निळा ब्लाऊज, गळ्यात तीच जुनी गिटार. मैदान भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मखमली खुर्चीवर हरिचंद्र बसला होता, केस काळे केलेले. ताईला बघून त्यानं हात जोडले आणि ऐटीत हसला.

ताई माइकसमोर उभी राहिली.

"जय भीम. बास गिटारवर आहेत सुयोग." टाळ्या पडल्या. "आणि ड्रमवर माझा सख्खा धाकटा भाऊ, राजरत्न. मी लिहिलेलं भोंग्याचं गाणं यानंच छ्याऐंशी साली माझ्या वहीतून उतरवून समोर बसलेल्या हरिचंद्ररावांना नेऊन दिलं. तेव्हा तीनच कडवी झाली होती, म्हणून तीनच गेली. चौथं मी आज म्हणणार आहे. राजू, दे ठोका."

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. माझी बायको, माझ्या पोरी, पार्टीतले दोस्त. मला उठून पळता आलं असतं. ताई वळून माझ्याकडे बघत उभी होती, घाई नव्हती तिला. मी काठ्या उचलल्या आणि चार ठोके दिले.

पहिली तीन कडवी लोकांना पाठच होती. लोक सोबत म्हणायला लागले. मग ताईनं गिटारवर एक करकरीत आवाज काढला, सगळे गप्प झाले, आणि तिनं म्हटलं,

भोंगा गंजला, चिमणी पडली, गेटाला कुलूप लागलं रे,
तरी पहाटे वस्ती उठते, कोण आतून जागलं रे?
हाक आमची आम्हालाच होती, भोंगा नुसता वाजे रे,
शंकररावाची लेक बकुळा सांगे, गाणे माझे रे!

शेवटची ओळ तिनं चार वेळा म्हटली. चौथ्या वेळी बायकांच्या बाजूनं सगळ्याजणी म्हणत होत्या. चाळीस वर्षं अर्धवट राहिलेलं गाणं त्यांच्यासमोर पुरं झालं होतं, आणि ते कुणाचं हे आता वही दाखवून सांगायची गरज नव्हती.

हरिचंद्रनं मग जे केलं ते फक्त हरिचंद्रच करू शकतो. सत्काराची शाल अंगावर घेऊन त्यानं तेच गाणं सुरू केलं. तीन कडवी निभावली. चौथ्याला "हरिचंद्र" म्हणाला न म्हणाला तोच बायकांमधून आवाज आला, "बकुळा!" तो हसला, पाणी प्याला, पुन्हा "हरिचंद्र सांगे". आता अख्खं मैदान, "बकुळा सांगे!" तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं नाही. अंगावरची शाल खुर्चीवर टाकून तो मागच्या जिन्यानं उतरून गेला. मला एवढा आनंद झाला, की घटकाभर मी माझं विसरलो.

तेवढ्यात शेजारच्या गंगूमावशी स्टेजमागे आल्या. मला नखशिखांत बघून म्हणाल्या, "राज्या, सख्ख्या बहिणीचं? आन् बाप बिछान्यात विचारत होता तवा गप बसला व्हतास?" मी काठ्या पिशवीत घातल्या. त्या गेल्या.

ताई गिटारची वायर गुंडाळत होती. मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"कॅसेट ऐकली तेव्हापासून. तिसरं कडवं मी शनिवारी रात्री लिहिलं, त्यात 'आईचा हात चुलीत' होतं. सोमवारी मी ते खोडून 'राखेत' केलं. कॅसेटमध्ये 'चुलीत' आहे. म्हणजे वही रविवारी उघडली. रविवारी घरात तू आणि आप्पा. आप्पांना वाचता येत नव्हतं."

"एवढी वर्षं काही बोलली नाहीस?"

"घरात बोलले असते तर तू रडला असतास आणि मी माफ केलं असतं. मला माफ नव्हतं करायचं."

"मग मला बँडमध्ये कशाला घेतलंस?"

"ताल चुकत नाही तुझा," ती म्हणाली. "आणि तू समोर हवा होतास."

त्याला आता सात महिने झाले. हरिचंद्रनं ते गाणं सोडलं आहे, म्हणतात. आमचे अंबरनाथला, बदलापूरला, कॅम्प पाचला मिळून सहा कार्यक्रम झाले. सहाही वेळा ताईनं माझी ओळख त्याच शब्दांत करून दिली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बायको म्हणते, जाऊ नका, तुम्हाला काय बांधून ठेवलंय? खरंच कुणी बांधलेलं नाही.

येत्या रविवारी सातवा आहे, सोनिवलीला. ती माझं नाव घेईल, मी काय केलं ते सांगेल, मग वळून माझ्याकडे बघेल. मी चार ठोके देईन.