मलिद्यावर धनेश

पनवेलच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून तमारबाईंचा सकाळचा वर्ग मागच्या अंगणात भरायचा. बुलबुल, साळुंक्या, दयाळ, सगळे हजर. पण गेल्या महिन्यात शेजारच्या उंबरावर त्यांना धनेश दिसला, आणि तेव्हापासून त्यांचं बाकी कुठे लक्षच लागेना. रोज त्या कठड्यावर पपईच्या फोडी ठेवत. फोडी खारी खात.

“कर्नाळ्याच्या अभयारण्यातला धनेश तुझ्या पपईसाठी येणार? घार असेल ती,” त्यांचे पती, गर्शोम, हसायचे.

“घारीची चोच एवढी लांब असते होय?”

आज लेकीला, दानाला, नोकरी लागली म्हणून मलिदा केला होता. गोड पोहे, ओलं खोबरं, वर केळी नि खजूर. एलियाहू हनाबीचे, म्हणजे ज्यूंच्या एलियाहू प्रेषिताचे, आभार मानल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. ताट मागच्या ओट्यावर ठेवून तमारबाई थांबल्या. गर्शोम प्रार्थनेसाठी टोपी आणायला आत गेले.

तेवढ्यात पंख फडफडले. धनेश! थेट ताटाच्या काठावर! त्यानं केळ्याचा तुकडा उचलला, हवेत उडवला आणि गिळला.

तमारबाईंनी हाकलायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. हाकलला तर नवऱ्याला कधीच पटणार नाही. राहू दिला तर ताट उष्टं.

गर्शोम दारात थबकले.

“अहो, रागावू नका…”

“हलू नकोस,” ते कुजबुजले. “खजूर घेऊ दे त्याला. एलियाहूला रानात कावळ्यांनीच जेवू घातलं होतं. तो नाही रागवायचा. आपण दुसरं ताट करू.”

“आणि घार म्हणत होतात ते?”

“अगं, चूप! उडेल ना तो!”