कानामागचा बांध

टक्कल पडलेला माणूस खिशात कंगवा बाळगतो, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी कितीतरी वर्षं पाहिलं. वसईतल्या आमच्या हॉस्पिटलात ते कानाचे सर्जन आणि मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या कानात ते ऐकण्याचं यंत्र बसवायचे.

"आधी भांग, मग सुरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. केस भादरायचे नाहीत, कंगव्यानं भांग पाडून बाजूला करायचे. काप कुठे घ्यायचा ती रेघ आखण्याआधी ते स्वतःचा चष्मा मुलाला लावून बघायचे. "उद्या हिला चष्मा लागला, तर दांडी व्रणावर घासायला नको." तो भलामोठा चष्मा नाकावरून घसरला की मूल खुदकन हसायचं आणि तेवढ्यात यांची रेघ मारून व्हायची.

नवीन असताना मी जुन्या पद्धतीनं एका पोराचं अर्धं डोकं भादरून ठेवलं होतं. सर रागावले नाहीत. "सिस्टर, आता तुमच्याच हातानं उगवून द्या," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कामणची ती दोन वर्षांची मुलगी आली. ऑपरेशनची तारीख ठरली आणि आजी अडून बसली. पोरीचं जावळ व्हायचं होतं, तेही चैत्रात, देवीपुढेच. चैत्राला अजून पाच महिने होते. या वयात जितकं लवकर ऐकू येईल तितकं बोलणं लवकर फुटतं, हे आईला कळत होतं. ती नुसती रडत होती.

"डाक्तर, देवीला बोललंय मी. एक केस कमी झाला नाय पायजे."

मला वाटलं, गेली तारीख. पण सर शेजारच्या गास गावातल्या वाडीवाल्यांच्या घरातले, बांधावरचे तंटे मिटताना बघत वाढलेले. त्यांनी कंगवा काढून आजीच्याच हातात दिला. "आजी, भांग तुम्ही पाडा. मी सांगतो तिथं."

आजीनं पोरीच्या बारीक बारीक वेण्या घालून कानामागची जागा मोकळी केली. तिथल्या घडीत सरांनी जेमतेम दोन बोटांची रेघ मारली. "हा बांध. इकडची जागा माझी, तिकडची देवीची."

"बांध कोराल तर बगा!" आजी म्हणाली. पण म्हणताना हसली.

ऑपरेशनच्या वेळी वेण्यांवर मी चिकटपट्टी लावली आणि त्या काप घ्यायच्या जागेपासून दूर ठेवल्या. एकही केस कापला नाही. पट्टी निघाली त्या दिवशी आजीनं बट न् बट तपासली, मगच माझ्या हातावर पेढा ठेवला.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. गासला मोगरा सांभाळतात. जाताना कंगवा मला देऊन गेले. थिएटरात अजून मला करमत नाही, खरं सांगते.

गेल्या आठवड्यात तीच मुलगी दुसऱ्या कानासाठी आली. आता सात वर्षांची आहे, लांब दोन वेण्या. आजीकडून ती गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली. नवे डॉक्टर पेन घेऊन वाकले, तर तिनं त्यांचा हात धरला, माझ्याकडून कंगवा मागून घेतला आणि स्वतःच कानामागे भांग पाडला.

"हा बांध," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "इकडची जागा तुमची, तिकडची माझी!"