शटरच्या आत मार्शल

गल्लीत त्याला सगळे मार्शल म्हणत. खरं तर तो चामड्याचं काम करणारा माणूस. घोड्यांचे लगाम, कुत्र्यांचे पट्टे, सुतारांच्या हत्यारांच्या पिशव्या, जे काम येईल ते तो शिवून द्यायचा. खाली दुकान, वर राहायची खोली, वर जायला बाहेरून लोखंडी जिना. अंगाने उंच, गालफडं बसलेली, मिशा ओठांच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या. बोलणं कमी, कारण दातांत बहुतेक वेळा मेण लावलेला दोरा धरलेला असे.

हे नाव त्याला सिनेमाने दिलं. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथे एक कंपनी स्वस्तातले काउबॉयचे सिनेमे काढायची. खाणीत त्यांनी एक गाव उभं केलं होतं. समोरून पाहिलं तर दारूचा गुत्ता, तुरुंग, बँक, सगळं जिथल्या तिथे. मागून पाहिलं तर नुसत्या फळ्या आणि त्यांना दिलेले टेकू. पिस्तुलं खोचायचे कमरपट्टे शिवायचं काम याच्याकडे होतं. एकदा तो पट्ट्यांचं गाठोडं घेऊन गेला, तर त्या दिवशी मार्शलचं काम करणारा नट घोड्यावरून पडून खांदा मोडून घेऊन बसलेला. दिग्दर्शकाने याच्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "टोपी घाल बघू."

"मला काम आहे हो," हा म्हणाला.

"मग हे काय आहे?"

टोपी डोक्यावर चढली ती चढलीच. पुढे कितीतरी सिनेमांत तो रस्त्याच्या मधोमध पाय फाकून उभा राहिला. आवाज दुसऱ्याचा, घोडा भाड्याचा, पिस्तूल लाकडाचं. त्याची स्वतःची म्हणाल तर मिशी तेवढी. घोड्याची त्याला इतकी भीती वाटायची, की सगळे घोडदौडीचे प्रसंग दुसऱ्याच कुणावर पाठमोरे घेतलेले असत. पण ते गल्लीला काय माहीत? गल्लीने पडद्यावर आपला माणूस पाहिला, डाकूंना लोळवताना पाहिला, आणि विषय संपला.

कंपनी बुडाली, खाणीतलं गाव वाऱ्याने आडवं झालं, तरी नाव राहिलं. आधी थट्टेत, मग हळूहळू खरोखरच, लोक आपली भांडणं त्याच्याकडे आणू लागले. कुणाच्या गच्चीचं पाणी कुणाच्या भिंतीवर पडतंय, कुणाच्या सायकलीने कुणाची कुंडी फोडली. हा मान वर न करता एखादं वाक्य बोलायचा आणि ते मानलं जायचं. त्यालाही ते आवडायचं, नाही असं नाही. बायकोला मात्र मुळीच आवडत नसे.

"अहो, निकाल तुम्ही देता आणि नळावर शिव्या मी खाते," ती म्हणायची.

एकदा वैतागून तो मिशा उतरवायला गेला, तर न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "मार्शल, माझ्या पोटावर पाय देऊ नका. उद्या गल्ली माझं दुकान फोडेल." हा तसाच परत आला.

त्या उन्हाळ्यात गल्लीची पाण्याची मोटर चोरीला गेली. सगळी गल्ली एका मोटरवर चालायची. आता मोठ्या रस्त्याच्या टोकापासून पाण्याचे कॅन उचलून आणायचे, तेही उन्हातून. चार दिवसांत लोकांचे खांदे दुखायला लागले आणि डोकी तापली. त्यातच शिंपीणबाईंची सासू बादली घेऊन येताना घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. म्हातारी सगळ्या गल्लीची लाडकी. पोरांच्या चड्ड्यांची तुटलेली नाडी ती रस्त्यात उभ्याउभ्या ओवून द्यायची. तिला झोळी करून नेताना बायका रडल्या. पुरुष रडले नाहीत, पण त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्शल एका पिशवीला बंद लावत बसला होता. बाहेर गलका झाला. पुढे त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्याचं खिडक्यांच्या जाळ्या करायचं दुकान होतं. त्याने एका माणसाला कॉलर धरून फरफटत आणलं होतं. तो हातगाडी घेऊन फिरणारा भंगारवाला. ओठ फुटलेला, एका पायात चप्पल नाही.

"दाजी, हा घ्या तुमचा कैदी!" मेहुणा ओरडला. "मोटरचं निळं झाकण याच्या गाडीवर सापडलं. पोत्याखाली!"

"निकाल द्या, मार्शल!" मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. हसणं वाईट होतं. मार्शलने पाहिलं, इस्त्रीवाल्याच्या हातात कपडे वाळत घालायची दोरी होती, गुंडाळून घेतलेली.

"पोलिसांना बोलवा," मार्शल म्हणाला.

"आणि उद्या ते सोडून देतील. मग?"

"मग बघू."

"आम्हाला आत्ता बघायचंय," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "म्हातारी तिकडे किंचाळतेय, दाजी. आवाज ऐकून आलोय मी."

मार्शल उठला. दातांतला दोरा त्याने काढला. "आत आण त्याला. आधी मी विचारतो."

लोकांना ते पटलं. मार्शल विचारणार म्हणजे रीतसरच झालं की. त्यांनी वाट दिली. मार्शलने भंगारवाल्याला दंडाला धरून आत ओढलं, आणि कुणाला काही कळायच्या आत शटर खाली खेचून आतून कडी घातली.

पुढचा विचार त्याने केलेलाच नव्हता.

मग शटरवर पहिली थाप पडली, आणि पत्र्याचा तो आवाज त्याच्या छातीत वाजला. दुकान म्हणजे केवढं, दोन माणसं आडवी झोपली तर तिसऱ्याला जागा नाही. मागची भिंत बंद, एक झरोका, त्यालाही गज. ते गज मेहुण्यानेच बसवले होते, चोर येऊ नये म्हणून. पंखा होता, पण तो चामड्याचा भुगा नुसता इकडून तिकडे करायचा.

मार्शलने पोलिसांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो.

"कधी येईल?"

"आली की पाठवतो म्हटलं ना."

भंगारवाला चामड्याच्या गुंडाळ्यांवर टेकून बसला होता. "मालक, पाणी आहे का?"

तांब्यात थोडं होतं. दिलं. तो प्यायला, ओठ झोंबला म्हणून तोंड वाकडं केलं आणि मग एकदम म्हणाला, "मोटर मीच नेली."

मार्शल त्याच्याकडे बघत राहिला. "तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलंत, म्हणून सांगितलं."

"गल्लीच्या पाण्याची आहे हे ठाऊक होतं?"

"होतं की. रोज बघत होतो. तांबं चांगलं निघतं तिच्यातून. मला वाटलं, दुसरी बसवतील."

मार्शलचा हात उठला. खाडकन एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं, आणि त्याने ती दिली असती. पण त्या माणसाने तोंड चुकवलंसुद्धा नाही, डोळे मिटून बसला. हात तसाच खाली आला.

खाणीतल्या त्या गावात असा प्रसंग त्याने कितीदा केला होता. बाहेर मशाली, आत मार्शल आणि कैदी. त्याने एकदा दिग्दर्शकाला विचारलं होतं, आतला माणूस नेहमी निर्दोषच कसा हो? दिग्दर्शक म्हणाला होता, अरे बाबा, खरंच गुन्हेगार निघाला तर तू त्याला कशासाठी वाचवणार? लोक तिकीट काढतील का? तेव्हा मार्शल हसला होता. आता शटरच्या कडीवर हात ठेवून तो उभा राहिला. कडी गरम लागत होती. ती वर करायची आणि बाजूला व्हायचं, इतकंच. कुणी त्याला नावं ठेवली नसती. उलट खांद्यावर घेतलं असतं.

बाहेर कुणीतरी म्हणत होतं, "विजेचा खांब नको, शॉक लागेल. पिंपळाला बांधा." दुसरा म्हणाला, "आधी त्याचे हात." हा आवाज न्हाव्याचा. रोज याची हनुवटी वर धरून, "मार्शल, गाल फुगवा," म्हणणारा. सगळे आवाज ओळखीचे होते. आणि तेच ऐकून त्याचा हात कडीवरून खाली आला.

"दाजी, थट्टा पुरे झाली!" मेहुणा शटरला तोंड लावून म्हणाला. "उघडा."

"पोलीस येताहेत."

"त्याने कबूल केलं का? एवढं सांगा."

मार्शल गप्प राहिला. भंगारवाल्याने वर पाहिलं.

"म्हणजे केलं!" मेहुणा ओरडला. "अरे, केलंय कबूल! दाजी, म्हातारीपेक्षा हा चोर तुम्हाला जवळचा?"

"नाही."

"मग उघडा ना!"

"नाही उघडणार."

का, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने पडद्यावर जी वाक्यं म्हटली होती ती सगळी दुसऱ्याच्या आवाजातली, आणि आज त्यातलं एकही कामाला येईना. थोड्या वेळाने बाहेर घर्र असा आवाज झाला आणि शटरच्या खालच्या पट्टीतून ठिणग्या आत उडाल्या. मेहुण्याने लोखंड कापायचं ग्राइंडर आणलं होतं. भंगारवाला रांगत मागच्या भिंतीला जाऊन चिकटला. मार्शलने पायाने चामड्याचे तुकडे मागे सारले, एखादा पेटला तर दोघांची राख व्हायची. धुराने डोळ्यांत पाणी आलं. पत्र्यात बोटभर चीर पडली, मग वीतभर. चिरेतून मेहुण्याचा बूट दिसायला लागला.

आणि ग्राइंडर बंद पडलं.

"काय झालं रे?"

"लाइट गेली वाटतं."

"लाइट नाही गेली." हा आवाज बायकोचा होता, वरून, जिन्यावरून. "वायर माझ्या घरातून ओढली होतीस ना? मी काढली."

"ताई, प्लग लाव."

"नाही लावत."

"ताई, तुला माहीत नाही आत काय..."

"माझा नवरा आहे आत! ठिणग्या कुठे उडतात ते दिसतं का तुला? वायर हवी तर दुसऱ्या कुणाकडून घे. बघू कोण देतं."

दुसऱ्या कुणीतरी वायर दिली असतीही. पण ती कुणाकडून घ्यायची हे ठरेपर्यंत, लांबी पुरते का हे बघेपर्यंत लोकांच्यात चुळबुळ झाली, दोघेतिघे सावलीला सरकले. तेवढ्यात पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. इस्त्रीवाल्याच्या हातातली दोरी कुठे गेली, कुणी पाहिलं नाही.

आता शटर उघडेना. अर्धवट कापलेली पट्टी वाकून खाचेत रुतली होती. पोलिसांनी बाहेरून ओढलं, मार्शलने आतून रेटलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्यातल्या साहेबांनी विचारलं, "हे कापणारा कोणी आहे का इथे?" मेहुणा पुढे झाला. ताईने प्लग लावला. त्याने मान खाली घालून, एक शब्द न बोलता, उरलेलं शटर कापलं. माणूस वाकून बाहेर येईल एवढं भोक पडल्यावर आधी भंगारवाला बाहेर आला आणि मग मार्शल, हातापायांवर.

"याने तुमच्यासमोर काही कबूल केलं?" साहेबांनी विचारलं.

सगळी गल्ली बघत होती. भंगारवालाही बघत होता.

"हो," मार्शल म्हणाला. "मोटर यानेच नेली."

गाडीत बसताना भंगारवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही शटरच्या आत त्यांच्यात काहीतरी ठरलं होतं आणि ते मोडलं गेलं होतं. ठरलं काहीच नव्हतं. तरी मार्शलने नजर वळवली.

त्यानंतर त्याला मार्शल कुणी म्हटलं नाही. भांडणं येणं थांबलं, कामंही रोडावली. न्हावी दाढी करायचा, पण अवाक्षर बोलायचा नाही. मेहुण्याने बहिणीच्या घरची पायरी सोडली. शटर दुरुस्त करणारा गल्लीत तोच एक, त्यामुळे रुतलेली पट्टी मार्शलने स्वतःच ठोकून सरळ केली, पण पत्र्याला पडलेलं भोक तसंच राहिलं. त्यावर आतून चामड्याचा तुकडा ठोकून त्याने काम चालू ठेवलं. गल्ली सोडून जाऊ, असं बायकोला तो दोनदा म्हणाला. "कुठे? आणि कुणाच्या ओळखीवर?" ती म्हणाली.

म्हातारीला भेटायला तो गेला. शिंपीणबाईंनी दार उघडलं, पण बस म्हटलं नाही. म्हातारी खाटेवर होती, पायाला वजन बांधलेलं.

"त्यानेच नेली होती ना?" तिने विचारलं.

"त्यानेच."

"मग का नाही उघडलंस रे?"

"मला माहीत नाही, आजी."

"माझा पाय मोडल्याचं तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. म्हणून तर उघडावंसं वाटत होतं."

म्हातारीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. तो निघाला.

शिक्षा भोगून भंगारवाला सुटला आणि सरळ दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. गल्लीने पाहिलं, दारं लागली.

"जा इथून," मार्शल म्हणाला.

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. असं रोज होऊ लागलं. हातगाडी त्याची जप्त झाली होती. कुठल्याच गल्लीत त्याला कुणी उभं करत नव्हतं.

"अरे, पोलिसांना नाव मीच सांगितलं तुझं," मार्शल एकदा चिडून म्हणाला.

"माहीत आहे की."

"मग इथे का येतोस?"

"मग कुठे जाऊ?"

मार्शलने आरी चामड्यात खुपसली, दोरा ओढला, दुसरं भोक पाडलं. हाकलावं तर पुन्हा तेच, उद्या परत. मारावं, तर त्या दिवशी मारलं नाही ते आज कशाला?

जिन्यावरून बायकोचा आवाज आला. "अहो, तो बसलाय का अजून?"

"बसलाय."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जाणार?" मार्शल म्हणाला.