आईच्या साडीवरचा शर्ट

मंडळी, आज दुपारी जामखेडला मावशीकडे जाऊन आलो. तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटतेय.

आई गेल्यावर मी लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायला घेतलं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यातली ऊस तोडता तोडता पाखरांशी बोलणारी कोयतेवाली माय म्हणजे माझी आई. आज छापील प्रत मावशीला दाखवायला नेली. दोघी बहिणी दरवर्षी बरोबरच ऊसतोडीला जायच्या.

चित्रातल्या मायची हिरवी साडी, नाकात नथ, हातात कोयता. मावशीनं त्यावरून बोट फिरवलं.

"लई देखनी केलीस रं. पन शर्ट कुठंय तिचा?"

उसाचं पाचट अंगाला कापतं, म्हणून बाया साडीवर पुरुषाचा शर्ट घालतात. चित्रात तो बरा दिसेना, म्हणून मीच पुसला होता.

"तुझा दहावीचा शर्ट हुता त्यो," मावशी म्हणाली. "दुसरा दिला तरी घालायची न्हाई. म्हनायची, लेक संगं हाय असं वाटतं."

मला एकदम आठवलं. मी अकरावीला असताना आई उसाच्या फडातून थेट कॉलेजच्या गेटवर भेटायला आली होती, तोच शर्ट घालून. "आधी तो शर्ट काढ," मी म्हणालो होतो. तिनं काढला आणि घडी करून काखेत धरला.

तेव्हा निदान तिला सांगितलं तरी होतं. या वेळी चित्रातून परस्परच उतरवला.

आता एकेका प्रतीत हातानं शर्ट रंगवत बसलोय. पण ज्याची माफी मागायची ते माणूसच नसलं, तर तुम्ही काय करता?