कंबर म्हणून सांगितलेलं दुखणं

बायकोला दुखत होतं ते ओटीपोटाच्या खाली, पुढच्या हाडात. मी डॉक्टरांना सांगितलं, कंबर दुखते.

यात माझ्या ऐकण्यात काही चूक नव्हती. तिनं मला दोनदा सांगितलं होतं, एकदा तर हात ठेवून दाखवलं होतं. पण हाडाच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला माझी आई. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं तेही माझ्याकडं बघून. आईच्या देखत, परक्या पुरुषासमोर ती जागा बोलून कशी दाखवायची? मी घाईघाईत एक बरी जागा शोधली, ती सापडली वीतभर वर आणि पाठीमागच्या बाजूला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, पुढं कुठं कळलं तर जास्त लाज जाईल.

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, नवऱ्यानं अब्रू राखली म्हणून तिला बरं वाटलं असेल.

बाळंतपण लातूरला झालेलं. तिचं माहेर मुरुडजवळ, पहिलं लेकरू, त्यामुळं ती सातव्या महिन्यातच तिकडं गेली होती. मुलगी झाली, अंगानं चांगली भरलेली, आणि बाहेर यायला तिनं फार वेळ घेतला. टाके पडले, सुकले. तिसरा महिना लागला तेव्हा मी आईला घेऊन, भाड्याची गाडी करून, दोघींना नांदेडला आणायला गेलो. अहमदपूर, लोहा करत येताना रस्त्यावर गतिरोधक आला की बायको खिडकीवरचं हँडल धरून सीटवरून वर उचलली जायची. बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं, म्हणजे हिला जपायला दुसरं कुणी नव्हतं. मी पुढं बसून ड्रायव्हरशी सोयाबीनच्या भावावर बोलत होतो.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला पलंगावर चढताना बघितलं. ती काठावर बसली, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. कुणाची तरी वस्तू उचलून ठेवावी तसा. मग डावा. मी म्हणालो, "पाय माहेरी ठेवून आलीस काय?" ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदाला सुद्धा ती निदान नाक तरी मुरडते. ती भिंतीकडं बघत बसली. ही माझी पहिली भीती. ती झाकायला मी लगेच दुसरा विनोद केला.

मग डॉक्टर, मग माझा तो कंबरेचा शोध. डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांना कंबर सांगितली, त्यांनी कंबरेचा फोटो काढला, कंबरेच्या गोळ्या दिल्या, कंबरेचा रुंद पट्टा दिला. मी तो पट्टा रोज सकाळी शाळेत जायच्या आधी स्वतःच्या हातानं आवळायचो. संध्याकाळी तेल कोमट करून कंबर चोळायचो. तिला पालथी झोपवायचो आणि अंगठ्यानं मणके दाबायचो. ती दात आवळून "बास आता" म्हणायची. मला वाटायचं, आराम पडला. पालथं झोपलं की तिच्या दुखऱ्या हाडावर सगळा भार यायचा हे मला फार उशिरा कळलं. असे चार महिने मी मन लावून भलतीच जागा बरी करून राहिलो होतो.

दुखणं कमी होईना, वाढलंच. कूस बदलताना ती आधी श्वास धरायची. सलवार घालताना भिंतीला टेकायची. उंबऱ्यापाशी थांबायची, जणू पलीकडं पाणी आहे. माझी आई गावी परतली होती, ती फोनवर म्हणायची, आम्ही सव्वा महिन्यात रानात खुरपायला गेलो होतो. त्यावर बायको "हाव" म्हणायची आणि फोन माझ्याकडं द्यायची.

मी शाळेत स्टाफरूममध्ये बसून मोबाईलवर वाचायला लागलो. कंबर आणि पाय उचलत नाही, असं टाकलं की काय काय निघतं ते मी सांगत नाही. मणक्यातली गाठ, लकवा, कायमचं अंथरूण. समोर चहा गार व्हायचा. मुलगी आता पालथी पडून सरकायला लागली होती, आणि मला दिसायचं की ती धरून धरून उभी राहील, चालायला लागेल, आणि तोवर हिचं चालणं बंद पडलेलं असेल. हे मी कुणाला बोललो नाही. घरी गेलो की चोळायला बसायचो. तेल आधीपेक्षा जास्त घ्यायचो.

एक दिवस दुपारी, चौथ्या तासाला, शेजारच्या मावशींचा फोन आला. मावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, कधी फोन करत नाहीत, हाक मारतात.

"सर, लेकरू लई रडतंय. दार पुढून लोटलेलं होतं, मी आत आले. तुमची मंडळी संडासात हाय. कडी आतून लागलेली. उठता येईना म्हणते."

आमच्या भाड्याच्या घरात देशी संडास आहे, उकिडवं बसायचा. माझी शाळा मुदखेडच्या पुढं. मोटरसायकल काढली, आणि रेल्वेचं गेट लागलेलं. मालगाडी इतकी हळू जात होती की डब्यांवरचं सगळं वाचता येत होतं. माझ्या शेजारी एकजण गाडी बंद करून निवांत शेंगा खात होता, मलाही त्यानं मूठभर पुढं केल्या. मी घेतल्या. शर्टाच्या खिशात टाकल्या. गाडीवरून उतरलोही नाही. आता हे झालंच, असं वाटत होतं. आज पाय गेले. आणि मी रोज त्या कंबरेवर जोर काढला, त्यानंच गेले.

घरी पोचलो तेव्हा मावशी बाळाला खांद्यावर टाकून दारापाशी उभ्या होत्या. मी दार वाजवलं. आतून तिचा आवाज आला, थकलेला पण शुद्धीतला. मी म्हणालो, दार तोडतो. ती म्हणाली, तोडू नका, घरमालक बोलतील. मी म्हणालो, कंबर धरली का. आत नळ ठिबकत होता.

मग ती बोलली. आमच्यामध्ये दार होतं म्हणून बोलली असेल, मला तसंच वाटतं.

"कंबर न्हाई ओ. कंबर माझी कधीच दुखली न्हाई. पुढं दुखतंय, खाली, हाडात. लेकरू झालं त्या दिवसापासनं. उठायला गेलं की दोन तुकडे व्हतील असं वाटतंय. तुमाला सांगितलं व्हतं."

मावशी तिथंच होत्या. मी मावशींकडं बघितलं, त्या बाळाच्या टोपीची नाडी बांधत होत्या. मी म्हणालो, हो, सांगितलं होतंस.

"मंग तिथं कंबर का म्हणलात?"

मी कडी बाहेरून हलवून बघितली. मावशींनीच पुढं होऊन तिला सांगितलं, की फरशीवर पाय लांब करून बस, गुडघे एकमेकांजवळ घे, बादली उलटी कर आणि तिच्यावर हात टेक. आत बादली घासल्याचा आवाज, मग तिचा श्वास. मी दाराला कपाळ लावून उभा. किती वेळ गेला माहीत नाही. कडी सरकली तेव्हा ती घामानं भिजलेली होती आणि बादलीवर बसलेली होती. माझ्या शर्टाच्या खिशात शेंगा तशाच होत्या, दमट झालेल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही बाईडॉक्टरकडं गेलो. बाळंतपणानंतरच्या व्यायामाचं, सांध्यांचं बघणाऱ्या. त्यांनी विचारलं तेव्हा माझं तोंड सवयीनं उघडलं, ते मी हातानं झाकलं, जांभई आल्यासारखं. बायकोनं स्वतः सांगितलं. अडखळत, पण सगळं. मी ज्या जागेचं नाव घ्यायला घाबरलो, तिला तिनं सरळ बोट लावलं.

डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून एक पाय सरळ उचलायला सांगितला. चार बोटंही उचलला नाही, चेहरा पांढरा पडला. मग डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांनी तिची खुब्याची हाडं दोन्ही बाजूंनी आत दाबून धरली आणि म्हणाल्या, आता उचल. पाय वर आला. बायको त्या पायाकडं बघत राहिली आणि रडायला लागली. मला काही कळेना, मी आणखीच घाबरलो.

त्यांनी समजावून सांगितलं. पुढं दोन हाडं जुळतात तो सांधा बाळंतपणात सैल होतो, ताणला जातो. बहुतेकींचा आपोआप आवळतो, हिचा दुखत राहिला. लकवा नाही. गाठ दिसत नाही. पट्टा बांधायचा, पण तो खाली, खुब्यांवरून. गुडघ्यात उशी धरून कूस बदलायची, बसूनच कपडे घालायचे, उकिडवं अजिबात नाही, आणि व्यायाम. त्यांनी जुनी फाईल चाळली आणि विचारलं, चार महिने कंबरेचं कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, मीच. त्यांनी फाईल मिटली आणि पुन्हा बायकोशीच बोलायला लागल्या.

बरं कधी होईल, हे मी निघताना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक बायका बऱ्या होतात, पण हिची तारीख मी देणार नाही. तेवढं वाक्य मी घरी घेऊन आलो, बाकीचं बायको घेऊन आली.

मी संडासात बसायची प्लास्टिकची खुर्ची आणली, मध्ये भोक असलेली, मोटरसायकलवर मागं बांधून, भर बाजारातून. ओळखीचे दोघं भेटले. कुणासाठी म्हणून विचारलं. बायकोसाठी, म्हणालो, बाळंतपणात सांधा ढिला झाला. जमीन काही फाटली नाही. हे मला चार महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं.

आता दोन महिने झालेत. ती कूस बदलते, सलवार बसून घालते, काही दिवस चांगले जातात. एखाद्या दिवशी बाजारातून चालून आली की रात्रीपर्यंत दुखतं आणि माझा सगळा धीर जातो. ती पलंगावर पाय कसा ठेवते ते मी चोरून बघतो. हात लावला का, नाही लावला. लेक धरून उभी राहायला लागली आहे, खुर्ची, पलंग, माझी पँट. मी दोघींचे पाय बघत बसतो.

परवा व्यायामातला नवा प्रकार होता. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, आणि एका पायावर क्षणभर भार द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं, घाई नको. ती खुर्चीच्या टोकाला सरकली. मी पुढं होऊन तिचे दोन्ही दंड धरले. माझे हात थरथरत होते, तिच्या बांगड्या वाजायला लागल्या. मी म्हणालो, घाबरू नको, मी धरलंय.

ती अर्धी उठून थांबली. माझ्या हातांकडं बघितलं.

"सोडा," ती म्हणाली. "तुमी धरलं तर दोघंबी पडू."