गाढव झालेला मुलगा, साहसकथा एक

मी फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाला देशातल्या कारखान्यांची काळजी वाटली तर ती रास्त आहे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली माझ्याकडे, कारण माझ्या खिशाला कायम पेन असायचं आणि तेवढ्यावरून समितीला मी वाचणारा माणूस वाटायचो. कपाटातून सगळ्यात जास्त बाहेर जायच्या त्या दोन साहसकादंबऱ्या. एकाच मालेतल्या, आकार सारखा, अक्षर सारखं. एकीचा नायक पाण्याला घाबरणारा जाडा मुलगा. आंघोळीच्या बादलीलाही भिणारा हा गडी जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागतो. दुसरीचा नायक सर्कशीतून पळालेलं, एका कानाने बहिरं, म्हातारं गाढव. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी दोन्ही वाचल्या नव्हत्या.

मुलांच्या प्रेमामुळे दोन्हींची कव्हरं गेली, नावाची पानं गेली, शिवण उसवली. राहिल्या सोळा-सोळा पानांच्या सुट्या घड्या. त्या एकाच पिशवीत कोंबून मी उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाइंडरकडे गेलो.

"साईं, सिलसिला लगाके लाए हो ना?" सिंधी काकांनी चष्म्यावरून विचारलं. "सिलाई मेरी, सिलसिला आपका."

मी तिथेच पायरीवर बसून घड्या लावल्या. एकपासून शेवटपर्यंत, दोनदा. एकही नंबर पुढेमागे नाही.

"नंबर मिलाया?"

"एकदम चेक करके."

"पढ़ा?"

"पढ़ना क्या काका, बच्चों की किताब है."

काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सुई ओवली. कडक पुठ्ठ्यातली पुस्तकं हातात आली तेव्हा त्यांची नावं मलाच आठवेनात. मग एकावर 'साहसकथा एक' लिहिलं, दुसऱ्यावर 'साहसकथा दोन'. अक्षर मात्र सुरेख.

त्यानंतर कित्येक मुलांनी ती नेली, परत आणली. एकाने तक्रार केली असेल तर शपथ. "कशी आहे रे?" विचारलं की म्हणायची, "भारी."

आता माझ्या मुलीकडे येतो. ती तेव्हा सहावीत होती. आदल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात ती गाणं म्हणायला स्टेजवर गेली, माइककडे बघत उभी राहिली आणि तशीच खाली आली. वर्षभर गल्लीतली पोरं तिला "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणून चिडवत होती. यंदा तीच आपणहून म्हणाली, "मी गोष्ट सांगणार." घरात कुणी मोठ्याने श्वासही घेईना, न जाणो तिचा विचार बदलायचा.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात सराव करत होती. मी चहा पीत ऐकत होतो. वादळ आलं, जाडा मुलगा डोलकाठीला लटकला, आणि ती म्हणाली, "मग त्याने डोळे मिटले, दोरी सोडली, शेपटी झटकली आणि तो डोंगर चढू लागला."

"शेपटी?" मी विचारलं.

"हो. तो गाढव झाला ना."

मी तडक विहारात जाऊन कपाटातून पुस्तक काढलं. चौसष्टाव्या पानापर्यंत मुलगा, पासष्टाव्यापासून गाढव. दोन नंबरची काढली. तिथे चौसष्टपर्यंत गाढव आणि पासष्टला तेच गाढव जहाजावर कांदे चिरतंय! पहिल्यांदा मला वाटलं, नवसाहित्य असेल. मग कॅम्प दोनची पायरी आठवली. नंबर सगळे बरोबर लावले होते, फक्त एकीचा उत्तरार्ध दुसरीला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, फॅक्टरीतपण असंच जोडता का? आणि आता तिला एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर ती उद्या स्टेजवर चढायची नाही."

पण चुकीचा माल बाहेर जाऊ द्यायचा? तोही पोटच्या पोरीच्या तोंडून? मी अंगणात तिच्याशेजारी जाऊन बसलो. "बेटा, ती गोष्ट आहे ना..."

"पप्पा, तुम्हाला कळलं तो गाढव का झाला?"

"नाही," मी म्हणालो. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"अहो, माणूस असताना त्याला सारखं वाटायचं, लोक काय म्हणतील. गाढवाला कोण काय म्हणणार? ते आधीच गाढव."

मी उठून आत आलो. हे पुस्तकात होतं की नव्हतं, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती माइकसमोर उभी राहिली. पहिलं वाक्य हळू आलं, दुसरं जरा मोठ्याने. वादळापर्यंत आवाज मागच्या सतरंजीपर्यंत पोचायला लागला. शेपटी झटकली तसे लोक हसले, तिला जोर चढला. आणि पुढच्या रांगेतून एक पोरगी ताडकन उठली. "ए, उलटं सांगतेय ही! गाढवाचा मुलगा होतो! मी वाचलंय, कपाटातलंच!"

माझी मुलगी थांबली. ती माइककडे बघायला लागली, अगदी आदल्या वर्षीसारखी.

मी उभा राहिलो. सगळं सांगून टाकणार होतो, पायरी, पिशवी, पासष्टावं पान. तोंडातून फक्त "दोन्ही बरोबर... म्हणजे दोन्ही चूक..." एवढंच आलं. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, बायको माझा शर्ट मागून ओढत होती.

तेवढ्यात माइकमधून खणखणीत आवाज आला. "ते साहसकथा दोनमध्ये. आधी तो गाढव होतो, मग भीती गेली की परत माणूस होतो. तू दुसरी आधी वाचलीस."

ती पोरगी जरा विचारात पडली. "अच्छा," म्हणाली आणि बसली.

मी मात्र उभाच होतो. हे जुळतंय कसं, याचा मनात हिशेब चालू होता, तो अजूनही लागलेला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना खाली, गाढव दिसत नाय!"

बसलो. पुढची गोष्ट तिने एका दमात सांगितली.